अंगणाभोवतीची रानफुले : पान नसलेले एक फूल, आणि गवत कापायचे कधी हा प्रश्न

ओटीवरून | १४ मे

नमस्कार. आमचे घर सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, डोंगर संपून भातखाचरे सुरू होतात तेथे आहे. घर पंधरा वर्षे बंद होते आणि गेल्या वर्षापासून आम्ही येथे कायमचे राहू लागलो. पहिल्याच पावसाळ्यात, साप-विंचवाच्या भीतीने, मी घराभोवतीचे सगळे रान आषाढातच माणसे लावून साफ करून घेतले. भाद्रपदात समोरचा डोंगर पिवळाजांभळा झाला, आमच्या कुंपणाच्या आत मात्र चिखल आणि गवताची खुंटे एवढेच उरले होते, आणि त्याची हळहळ मला वर्षभर पुरली. यंदा मी काहीही न कापता पाहत राहायचे ठरवले असून त्यासाठी एक वही घातली आहे.

वहीतली पहिलीच नोंद मला सोडवता आलेली नाही. परवा सकाळी मागच्या आंब्याखाली, भेगा पडलेल्या कोरड्या जमिनीतून एक फूल थेट वर आलेले दिसले. खोड नाही, पान नाही, कोंबही नाही. उंची जेमतेम चार बोटे. वर दोन उभ्या पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या मागे रिबिनीसारख्या अरुंद पांढऱ्या पट्ट्या आणि खाली मधोमध चिरलेली जांभळट ओठासारखी पाकळी. वाकून पाहिले तेव्हा मंद, गोडसर वास आला. दुपारी पुन्हा गेले तर ते ओल्या कागदासारखे मलूल होऊन जमिनीला चिकटले होते. काल त्याच जागी दुसरे आले.

माझे प्रश्न दोन आहेत. हे फूल कोणते असावे? आणि घराभोवतीचे रान कापायचेच असेल, तर ते केव्हा कापले म्हणजे फुलेही मिळतील आणि घरात निर्धास्त राहताही येईल?

कातळसडा | १४ मे

वर्णनावरून हा भुईचाफा वाटतो. त्याचे फूल वैशाखात पानांच्या आधी येते आणि पाऊस पडल्यावर पाने निघतात. फुलावरून खात्री होत नाही, तेव्हा पानाची वाट पाहा. आणि कृपा करून कुतूहलापोटी कंद उकरू नका, कारण या दिवसांत त्याची सगळी शिदोरी त्या कंदातच असते.

माळावरचा | १५ मे

कातळसडा यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. जमिनीतून पानाआधी फूल काढणारी आणखीही मंडळी आहेत आणि आपल्या डोंगरउतारावर रानहळद भुईचाफ्यापेक्षा कितीतरी अधिक दिसते. फुलाखाली खवल्यांसारखी एकावर एक बसलेली पाने होती का, आणि शेंड्याला गुलाबी तुरा होता का, हे सांगावे.

ओटीवरून | १५ मे

खवले नव्हते, तुराही नव्हता. जमिनीतून एकेकटेच फूल येते आणि त्यात पिवळा रंग कोठेही नाही.

पर्णिका | १६ मे

मग रानहळद बाद होते. तिचे खरे फूल पिवळे असते आणि ते त्या खवल्यांच्या खोबणीतून डोकावते. आपण लांबून पाहतो ती गुलाबी शोभा रंगीत पानांची असते.

मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून या पानाआधीच्या फुलांविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे पाऊस चार महिने असतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी पडते. ज्या वनस्पती कंदाच्या आधाराने जगतात त्यांनी मागच्या पावसात तयार केलेले अन्न जमिनीखाली साठवलेले असते, त्यामुळे फूल काढण्यासाठी त्यांना नव्या पानांची गरज भासत नाही. फुलण्याचे काम उन्हाळ्यातच उरकले, की पाऊस आल्यावर सगळा जोर पाने काढण्यावर आणि पुढच्या वर्षीचा कंद भरण्यावर लावता येतो. शिवाय जमीन उघडी असताना चार बोटांचे फूलसुद्धा कीटकांना दिसते. श्रावणात तेच फूल हातभर गवताखाली गडप झाले असते.

मृगाच्या आगेमागे याच जमिनीत आणखी दोन-तीन जणांची वाट पाहा. काळी मुसळी जमिनीलगत सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी काढते. ती एवढी खाली असते की पाय पडल्यावरच लक्षात येते. सापकांदा फणा काढलेल्या नागासारखा उभा राहतो. त्याची एक गोष्ट मला वर्गात सांगायला नेहमी आवडे. कंद लहान असेल त्या वर्षी झाड नर असते आणि कंद पोसला गेला की पुढे कधीतरी तेच झाड मादी होते, कारण फळ धरायला अधिक शिधा लागतो. तुमच्या वहीत एकाच सापकांद्याची चार-पाच वर्षांची नोंद झाली, तर हा बदल तुम्हाला स्वतःच्या अंगणात पाहता येईल.

वहीबद्दल एकच सुचवते. नुसते फुलाचे नाव आणि रंग लिहू नका. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ तोडल्यावर चीक निघतो का, पान चुरगळल्यावर वास कसा येतो, जमीन कोणती, शेजारी काय उगवले आहे, हे लिहा. फूल आठ दिवसांत जाते. ओळख पटवायला या बाकीच्या खुणाच उपयोगी पडतात.

तरवडाची सावली | १८ मे

धागा वाचताना फार आनंद होतो आहे, पण रानफुले म्हटले की सह्याद्री आणि पावसाळा हे समीकरण पक्के झाले आहे, त्याला थोडी हरकत घेतो. आमचे घर पर्जन्यछायेच्या मुलखात, मुरमाड माळावर आहे. येथे आत्ता, मे महिन्यात, तरवड पिवळाधमक फुललेला आहे. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून तो टिकतो, आणि आजूबाजूचे सगळे करपलेले असताना तेवढाच हिरवा दिसतो. त्याच्या कळ्या गोल मण्यांसारख्या असतात आणि फूल उमलल्यावर आतले पुंकेसर हत्तीच्या सोंडेसारखे वाकलेले दिसतात. पाऊस पडला की पायवाटेवर गोखरू पसरतो. त्याच्या काट्याला सगळेच शिव्या देतात, पण त्याचे पाच पाकळ्यांचे लिंबोणी रंगाचे फूल गुडघे टेकून पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमच्याकडे फुलांची गर्दी नसते. एकेक झाड सुटे सुटे उभे असते, त्यामुळे ओळख मात्र पक्की होते.

ओटीवरून | १९ मे

तरवडाची सावली, तुमचे म्हणणे मनाला पटले. आमच्याही पूर्वेकडच्या बांधावर एक तरवड आहे आणि त्याला मी आजवर नुसते झुडूप म्हणत होते. आज वहीत त्याला स्वतंत्र पान दिले.

पर्णिकाताई, नोंदी तारखेने ठेवाव्यात की मराठी महिन्याने? आमच्या शेजारचे काका सगळे नक्षत्रावर सांगतात आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही.

नांगरट | १९ मे

याचे उत्तर मी देतो, कारण आमची पेरणीच नक्षत्रावर चालते. चैत्र-वैशाख हे महिने चंद्रावर चालतात. दर वर्षी ते सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात, त्यामुळे 'श्रावणात फुलले' एवढ्या नोंदीवरून दोन वर्षांची तुलना करता येत नाही. पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस, आणि प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालते. म्हणून नक्षत्र लिहिले काय आणि तारीख लिहिली काय, हिशेब एकच. तुम्ही दोन्ही लिहा आणि शेजारी त्या दिवसापर्यंत पडलेला पाऊसही लिहा, कारण फूल पंचांग वाचत नाही, ते ओल ओळखते.

ओटीवरून | २३ जून

पहिला पाऊस मृगाच्या शेवटी आला आणि आज, आर्द्रा लागल्यावर, आंब्याखाली उत्तर उगवले. जेथे जेथे मी फुलाच्या जागी खडे मांडून ठेवले होते, त्यातल्या पाचांपैकी चार जागी पाने आली आहेत. कोंब गुंडाळीसारखा वर येतो आणि एका दिवसात उलगडतो. पानाची वरची बाजू गडद हिरवी, तिच्यावर फिकट हिरवे पट्टे, जणू कोणी बोटाने रंग ओढला असावा. पान उलटून पाहिले आणि थक्क झाले. खालची बाजू जांभळी आहे, अगदी वांग्याच्या सालीसारखी.

कातळसडा | २३ जून

भुईचाफाच. आता शंका उरली नाही. पाचव्या जागीही पान येईल, थोडा धीर धरा.

माळावरचा | २३ जून

माझी शंका मी आनंदाने मागे घेतो.

जुने जोते | २४ जून

अभिनंदन. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. भुईचाफा काही ठिकाणी रानात दिसत असला, तरी घरामागच्या आंब्याखाली तो असा पाच-सहा जागी जवळजवळ उभा असेल, तर बहुधा कोणीतरी लावलेला असतो. जुन्या परड्यांत तो हौसेने लावत. घर पडते, भिंती विरघळतात, कंद मात्र जमिनीखाली टिकून राहतो आणि दर वैशाखात वर येतो. मी पडक्या घरांच्या जागा पाहत हिंडलो आहे, तेथे दगडी जोत्याच्या कडेला गुलबक्षी, कर्दळ आणि भुईचाफा हे तिघे वारंवार भेटतात. तुमच्या पाच जागा एका रेषेत आहेत का, हे पाहाल का?

ओटीवरून | २६ जून

जुने जोते, तुमचा निरोप वाचून मी दोरी लावून पाहिले. चार जागा जवळजवळ सरळ रेषेत आहेत, आणि त्या रेषेच्या टोकाला पालापाचोळा बाजूला केल्यावर घडीव दगडांची कड लागली. शेजारच्या वयस्कर काकूंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की पूर्वी तेथे न्हाणीघर होते आणि त्याच्या सांडपाण्यावर माझ्या आजेसासूबाईंनी फुलझाडे लावली होती. मी त्यांना पाहिलेले नाही. घर पंधरा वर्षे बंद असताना दर वैशाखात ही फुले कोणी न पाहता येऊन जात होती, या विचाराने त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नाही.

पर्णिका | २६ जून

आपण ज्याला रान समजतो त्यात माणसाचा किती हात असतो, हे अशा वेळी कळते. या निरोपाचा शब्दन् शब्द वहीत उतरवून ठेवा.

ओटीवरून | १७ जुलै

आता अंगण गुडघाभर वाढले आहे. पायरीच्या कडेला केना आला असून त्याची आकाशी फुले सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. वाटेवर आला म्हणून एक वेल मुळासकट उपटली, तर मुळांजवळ मातीत पांढुरक्या फांद्या आणि त्यांवर कळ्यांसारखे काहीतरी दिसले. ही कीड आहे का?

पर्णिका | १७ जुलै

कीड नाही, ती फुलेच आहेत. केना दोन प्रकारची फुले धरतो. वरची निळी फुले कीटकांसाठी उघडतात. मातीतली फुले कधीच उघडत नाहीत, ती मिटलेल्या अवस्थेतच स्वतःच्या परागांनी फळतात आणि बी जागच्या जागी जमिनीत पेरले जाते. वरचे सगळे गुरांनी खाल्ले किंवा कोणी कापून नेले, तरी खालचे बी सुरक्षित राहते. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिले, याचा मला फार हेवा वाटतो. मी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी कित्येकदा केना उपटून पाहत असे आणि दर वेळी ती फुले मिळत नसत.

नांगरट | १८ जुलै

येथे मला थोडे कडक बोलावे लागेल. हाच केना माझ्या सोयाबीनमध्ये आला, की मजुरी आणि वेळ दोन्ही खातो. खुरप्याने तुकडे झाले तर प्रत्येक पेरावर मूळ फुटते आणि एकाचे पाच होतात. शेत आणि अंगण यांत फरक करायला हवा. अंगणात त्याचे कौतुक अवश्य करा, पण अंगण शेताला लागून असेल तर बांधावर हातभर पट्टी मोकळी ठेवा. तण म्हणजे वाईट झाड नव्हे हे मला मान्य आहे. चुकीच्या जागी उगवलेले झाड म्हणजे तण, आणि ती जागा ठरवण्याचा हक्क पेरणाऱ्याला असला पाहिजे.

कातळसडा | १८ जुलै

नांगरट यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र काही झाडे अशी आहेत की ती अंगणातही ठेवू नयेत, आणि तुम्ही काहीच कापणार नाही म्हणालात तेव्हापासून हे लिहायचे मनात होते.

पहिले गाजरगवत. हे अमेरिका खंडातून आलेले असून आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिल्यांदा दखल घेतली गेली. एक रोप हजारो बिया टाकते, आसपास दुसरे काही वाढू देत नाही आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. त्याला फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याची पाने कुरतडणारे, पांढुरक्या पाठीवर काळसर नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले, तर त्यांना मारू नका. ते मूळचे मेक्सिकोचे असून याच कामासाठी १९८४ मध्ये भारतात आणून सोडलेले आहेत.

दुसरी घाणेरी, जिला टणटणी म्हणतात. तिसरे रानमोडी. ही दोन्ही झुडपे एकदा मातली की खालचे कंद आणि गवतफुले सगळी गुदमरतात.

पिवळी पाकोळी | १९ जुलै

घाणेरीवर एवढा राग का? माझ्या घरी फुलपाखरे सर्वांत जास्त घाणेरीवरच येतात. तिच्या गुच्छात कोवळी फुले पिवळी आणि जुनी गुलाबी असतात, आणि फुलपाखरे नेमकी पिवळ्यांवर बसतात, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

कातळसडा | १९ जुलै

तुमचे निरीक्षण अचूक आहे. मध संपलेले फूल रंग बदलते आणि पाहुण्याचा फेरा वाचवते. पण फुलपाखराला मधाइतकीच अंडी घालायला झाडे लागतात, आणि ती झाडे ठरलेली असतात. रुईच्या पानांवर अळी वाढते, तिचे फुलपाखरू घाणेरीचा मध पिईल, पण घाणेरीच्या पानांवर तिची अळी जगणार नाही. घाणेरीने जागा व्यापली तर पाहुणे येतील आणि वंश थांबेल. तुमच्याकडे एखादे झुडूप असेल तर ते छाटून ताब्यात ठेवा, तिची फळे पक्षी दूरवर नेतात, तेव्हा ती पिकण्याआधी काढून टाका.

पिवळी पाकोळी | २० जुलै

हे मला ठाऊक नव्हते. कुंपणाजवळ रुई आहे, ती या वर्षी छाटणार नाही.

जुने जोते | २० जुलै

एक पुरवणी. परदेशातून आले म्हणून प्रत्येक झाड शत्रू ठरत नाही. एकदांडी आणि गुलबक्षी ही दोघेही अमेरिकेकडचीच. प्रश्न ते कोठून आले हा नसून, आल्यावर शेजाऱ्यांना जगू देते का, हा आहे.

ओटीवरून | ८ सप्टेंबर

गेल्या वर्षी जेथे चिखल होता तेथे आज काय आहे, ते लिहिते. उत्तरेकडच्या उतारावर सोनकी फुलू लागली असून बांधाच्या ओलीत तेरडा कमरेइतका आहे. तेरड्याचे फुगलेले फळ चिमटीत धरले की ते हातात फुटते, साली आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बिया मनगटावर आपटतात. कवळ्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके आहेत. गवतात नभाळी आहे, तिच्या फुलातले जांभळे केस भिंगाखाली मण्यांच्या माळांसारखे दिसतात. कुंपणावर कळलावी चढली आहे.

विहिरीमागच्या खडकावरून पाणी झिरपते, तेथे बोटभर उंचीची, नाजूक जांभळी फुले शेकड्यांनी आली आहेत. पाने जवळपास दिसतच नाहीत. शेजारी पांढऱ्या गुंड्यांसारखी फुले आहेत.

पर्णिका | ८ सप्टेंबर

पांढऱ्या गुंड्या म्हणजे गेंद, आणि जांभळी फुले म्हणजे सीतेची आसवे. झिरपणाऱ्या खडकावर माती नावालाच असते आणि तीत नत्र फार कमी, म्हणून ही वनस्पती आपली गरज शिकार करून भागवते. तिच्या तंतूंवर मोहरीहूनही लहान फुगे असतात. फुग्याच्या तोंडाशी बारीक केस असतात, त्यांना पाण्यातल्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की झडप उघडते, पाणी आत ओढले जाते आणि त्याबरोबर तो जीवही आत जातो. हे इतक्या झटकन होते की डोळ्याला दिसत नाही. तुम्हाला पाहायचेच असेल तर एकच रोप ओल्या मातीसह हलकेच उचला, बशीतल्या पाण्यात ठेवून भिंगाने पाहा आणि परत जागेवर ठेवा.

त्या खडकावर मात्र पाय देऊ नका. कास पठारावर हीच फुले हजारोंनी फुलतात, आणि जागतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा समावेश झाला त्यात कासही आहे, पण तेथेही सर्वांत मोठी काळजी पायाखाली तुडवले जाण्याचीच आहे. बोटभर मातीचा थर एकदा निसटला की तो पुन्हा साठायला फार काळ जातो.

नांगरट | ९ सप्टेंबर

कळलावीविषयी सावध करतो. फूल देखणे आहे, पानाचे टोकच वळून आधाराला धरते हेही पाहण्यासारखे आहे, पण तिचा सगळा देह विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. कंद पाहून रताळ्याचा भास होतो. घरात लहान मुले असतील तर त्यांना आधीच दाखवून सांगा. उपटायची गरज नाही.

कातळसडा | ११ सप्टेंबर

आमच्याकडची एक वाईट बातमी. घराकडे येणाऱ्या रस्त्याच्या दरडीवर गेली सहा वर्षे मी कंदीलपुष्पाच्या तीन वेली पाहत होतो. फूल खरोखरच छोट्या कंदिलासारखे असते. चिलटे नळीतून आत उतरतात, आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने त्यांना परत वर येता येत नाही, आणि पराग अंगाला लागल्यावर केस सुकून वाट मोकळी होते. मागच्या आठवड्यात रस्त्याची कड साफ करायला यंत्र आले आणि दरड खरवडून गेले. ऐन फुलोऱ्यात. कंद खोल असेल तर पुढच्या पावसात काही हाती लागेल, या आशेवर आहे. साफसफाई दिवाळीनंतर करा, एवढे सांगायला आता अर्ज लिहिला आहे.

तरवडाची सावली | ११ सप्टेंबर

वाचून वाईट वाटले. त्या जागेला दगडांची खूण करून ठेवा, आणि अर्जासोबत वेलीचे चित्र जोडा. यंत्र चालवणाऱ्याला काय वाचवायचे ते दिसले पाहिजे.

माळावरचा | २ ऑक्टोबर

कारवीबद्दल कोणी लिहिले नाही. ओटीवरून, तुमच्या मागच्या उतारावर खरखरीत पानांची, काठीसारख्या सरळ खोडांची झुडपे असतील तर ती कारवी. ती सात-आठ वर्षांतून एकदाच, एका भागातली सगळी एकदम, जांभळी फुलते आणि बी धरून मरते. एरवी ती पाने काढते, उन्हाळ्यात वाळते, म्हणून लोक तिला मेलेली समजून तोडतात. फुललेले वर्ष वहीत लिहिले, की पुढची तारीख जवळजवळ हाती येते.

ओटीवरून | १२ नोव्हेंबर

आता पुन्हा माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. गवत पिवळे पडले आहे, घरचे लोक विळा काढायला सांगत आहेत, आणि मला अजून ठरवता येत नाही.

नांगरट | १२ नोव्हेंबर

आता कापायला हरकत नाही, पण सगळे एकदम कापू नका. घराभोवती चार-पाच हातांची पट्टी आणि रोजच्या वाटा या बाराही महिने स्वच्छच ठेवायच्या. साप आला तर उघड्यावर दिसतो आणि वणवा आला तर घरापर्यंत पोचत नाही. त्यापलीकडे सोनकी वाळून तिची म्हातारी उडून गेली, तेरड्याची फळे फुटून झाली, की विळा लावायचा. कापलेले गवत दोन दिवस जागेवरच वाळू द्या आणि मग झटकून उचला म्हणजे राहिलेले बी खाली पडेल. रुई आणि काटेरी झुडपांभोवतीचा एखादा तुकडा तसाच ठेवा, वाळक्या काड्यांत पुष्कळ किडे हिवाळा काढतात. पेटवून मात्र देऊ नका.

आणि कापण्याआधी कुसळी गवताचे एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ तळहातावर फिरते. जमिनीवर पडलेले बी दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या दवाने असेच आळीपाळीने फिरत मातीत शिरते.

पर्णिका | १३ नोव्हेंबर

नांगरट यांनी सांगितलेला क्रम उत्तम आहे. मी एवढेच जोडते, की दर वर्षी वेगळा तुकडा उशिरा कापा.

जुने जोते | १३ नोव्हेंबर

आणि वही मिटू नका. पौषापासून धायटी लाल होईल, मग काटेसावर, पांगारा आणि पळस ही निष्पर्ण झाडे फुलतील, चैत्रानंतर कुडा पांढरा होईल. उन्हाळ्यात मान वर करून पाहायचे, पावसाळ्यात खाली वाकून.

ओटीवरून | २३ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. कुसळाचा प्रयोग सकाळी केला, ते खरोखर फिरले, आणि शेजारच्या काकूंनीही तो दोनदा करायला लावला. घराभोवतीची पट्टी कापून झाली, पश्चिमेचा तुकडा तसाच ठेवला आहे.

वहीत त्रेसष्ट नोंदी झाल्या असून त्यांपैकी एकेचाळीस नावांनिशी आहेत. भुईचाफ्याची पाने पिवळी पडून गळाली. पाचव्या जागीही जुलैच्या शेवटी पान आले होते, ते मात्र रेषेपासून दोन हात बाजूला होते. पाचही जागी मी न्हाणीघराच्या जोत्यातले सुटे दगड अर्धे पुरून ठेवले आहेत, म्हणजे गवत कापताना विळा तेथे थांबेल.

सध्या विहिरीजवळ दीपमाळ फुलली आहे, काटेरी गोळ्यांच्या उतरंडीसारखी, आणि तिच्या केशरी फुलांवर शिंजीर येऊन उलटा लटकतो. तिच्या बुंध्याशी, दगडांच्या सांदीत, कसली तरी केसाळ गोल पाने जमिनीला चिकटून आली आहेत. चीक नाही, चुरगळल्यावर वास नाही, फूल अजून नाही. बासष्टाव्या पानावर प्रश्नचिन्ह काढून जागा मोकळी ठेवली आहे. फूल आले की लिहीन.